विनंती थांबा

एकतीस वर्षं परतवाडा डेपोत काढली.
घटांग, सेमाडोह, हरिसाल, धारणी.
इतक्यांदा ओरडलो ही नावं
की झोपेतही तोंडून निघायची
आणि बायको कूस बदलून म्हणायची,
उतरा आता.

जंगल म्हणजे डाव्या हाताची खिडकी.
घाटात पोरं ओकायची,
मी जुन्या पेपरचे तुकडे पुढं करायचो,
सुट्ट्यासाठी भांडायचो,
आणि बाहेर साग, साग, साग
मागं पडत राहायचा,
कोणी हात न दाखवलेला.

निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाला, चाला.
म्हणून आज फाटकावर उभा आहे, मफलर बांधून,
आणि खिडकीतल्या पोरानं माझं तिकीट फाडलंय.
आयुष्यात पहिल्यांदा तिकीट पालथं करून वाचलं:
वाट सोडू नये.
प्लास्टिक टाकू नये.
मोठ्यानं बोलू नये.
मोठ्यानं बोलू नये! कंडक्टरला!

गाईड बाई आली. खाकी शर्ट, कापडी बूट,
छातीवर पट्टी: समोती दारसिंबे.
माझ्याकडं बघत राहिली.
मग म्हणाली, "साहेब, तुमी माह्या कोंबड्याचं
अर्धं तिकीट फाडलं व्हतं."
मी म्हणालो, नियम होता.
"व्हता ना. पन त्याला शीट नाई देल्ली."

नागपूरची दोन पोरं हसली, दुर्बिणी हलल्या,
आणि आम्ही चढायला लागलो.

मोहाच्या खोडावर अस्वलाची नखं दाखवली तिनं,
चार रेघा, माझ्या डोक्याच्या वर.
ओल्या मातीत रानगव्याचा खूर, भाकरी थापावी एवढा.
पुलावरून जाणारी ती सिपना,
तिचं नाव म्हणजे कोरकूत साग.
सागाच्या नदीवरून मी हजारो माणसं नेली
आणि तिकिटावर फक्त किलोमीटर मोजले.

माझा दम दुसऱ्या गेअरमध्ये.
दर वळणाला ती थांबायची, माझ्यासाठी,
पण तोंडानं सांगायची की पक्षी आहे.

मग झाडं एकदम संपली.
गुडघाभर पिवळं गवत, दहिवरानं जड,
मधे एक पेरू, एकटाच,
आणि सागाचा कोरीव खांब, चंद्र-सूर्य काढलेला,
त्याच्या पायथ्याशी रानतुळस.
"वॉव," पोरं म्हणाली, "काय मेडो आहे!"
"हो," समोती म्हणाली. "कुरण."

जंगलात पेरू कोण लावतं?

मला फाटा आठवला.
कुंडीढाणा, सेमाडोहच्या पुढं दोन रुपये.
आठ-नऊ जण उतरायचे, मीठ, घासलेट, एखादं तापलेलं लेकरू,
आणि झाडांत शिरून दिसेनासे व्हायचे.
मी डबल घंटी द्यायचो.
गाव कधी पाहिलंच नव्हतं.
आज पाहतोय, तर गवत.

ती खांबाजवळ वाकून तुळशीची वाळकी पानं खुडत होती.
मी हळू म्हणालो, फलक पाळून,
कुंडीढाणा...
तिनं मान वळवली नाही.
"सारे अकोटकडं गेले, साहेब. सपाटीवर. पत्र्याची घरं हायेत.
मशिनमंदी नाव हाय का अजून?"
आहे, म्हणालो. विनंती थांबा.
"म्हंजे?"
म्हणजे कोणी हात दाखवला तरच थांबते.

तेवढ्यात तिनं हात वर केला.
आम्ही होतो तिथं थिजलो.
कुरणाच्या पलीकडं,
पांढरे मोजे घातल्यासारख्या पायांवर
एक काळाशार रानगवा उभा होता.
"खळं व्हतं तिथं," ती पुटपुटली,
पोरांना नाही, मला.
तो चरत राहिला.
कोणाच्याच घाईत नसलेला.

उतरून फाटकाशी आलो तेव्हा
तिनं माणसं मोजली, मी मोजायचो तशी,
ओठ न हलवता, बोटानं.
एक कमी भरलं.
वाटेकडं मागं बघितलं, पुन्हा मोजलं.
मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून
रजिस्टरात सही केली.